मुकीचा नंबर

९ ऑक्टोबर २००८, गुरुवार. दसरा.

माझ्या मुलाच्या, विजूच्या कंपनीने जानेवारीत ही वही दिली. जाडजूड, वर सोनेरी अक्षरं, आत पानापानावर तारीख छापलेली. ऑक्टोबर उजाडला तरी आत एक ओळ नाही. घरात तिघं शिकलेली आणि वही कोरी. म्हटलं, मग न शिकलेली भरते.

मी सांगते, नूरी लिहिते. नूरी समोरच्या फ्लॅटमधली, रत्नागिरीकडची, दहावीपर्यंत मराठी शाळेत गेलेली. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला काय, मला सगळीच अक्षरं मुंग्या. अट एवढीच घातली, की मी बोलेन तसं लिहायचं, मध्ये साखर घालायची नाही, आणि कुणाला दाखवायचं नाही. तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही. तिने कानाच्या पाळ्या धरून कबूल केलं.

आज सकाळी मुकीची पूजा केली. मुकी म्हणजे आमची गाडी. सुरू झाली तरी आवाज करत नाही म्हणून मी ठेवलेलं नाव. जपानात जन्मली, अमेरिकेत नांदली, तिथून बोटीत बसून कुवेतला आली आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या, विजयकुमारच्या गळ्यात पडली. अर्धी पेट्रोलवर चालते, अर्धी विजेवर. या देशात पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त. माझा मुलगा तेलाच्या कारखान्यात इंजिनीयर, आणि गाडी घेतली ती पेट्रोल वाचवणारी. हलवायाच्या घरी बिनसाखरेचा चहा. आमची अख्खी इमारत हसली. सगळ्यात आधी मी हसले.

पण गाडी घरात आली की घरची झाली. बॉनेट उघडलं की आत एक पत्र्याची पट्टी आहे, चार बोटं रुंद, रिबिटा ठोकून बसवलेली. मी पहिल्याच दिवशी ओळखलं, हा हिचा टाक. आपल्या देव्हाऱ्यात खंडोबाचा, भवानीचा असतो ना, तसा. सगळ्या गाडीला रंग आणि एवढी पट्टी तेवढी उघडी धातूची, ती उगीच ठेवील का कुणी? दर अमावास्येला विजू बॉनेट उघडून तेल-पाणी बघतो आणि चहाला वर जातो. तेवढ्यात मी टाक घासून घेते. चिंच, मीठ आणि सिन्नरहून आणलेली विटेची पूड. ती पूड आणली तेव्हा इथल्या विमानतळावरच्या शिपायाने डबा उघडला, हुंगला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि मला हात जोडून म्हणाला, जा.

गाडी आली तेव्हा त्या टाकावर काळ्या मुंग्यांची रांग चिकटल्यासारखं काहीतरी होतं आणि कडेला गंज. आता असा लखलखीत केलाय की कुंकू लावायला वाकले की त्यात माझं नाक दिसतं. विजूला म्हटलं, बघ. तो घड्याळ बघत होता.

नूरी म्हणते, "छान झालं, मावशी." अगं, छान कसलं, अजून काही घडलंच नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

घडायला लागलं. विजूने कपाटातून फायली काढल्या. मुकीच्या नोंदणीच्या पुस्तकाला इथे दफ्तर म्हणतात, ते नोव्हेंबरअखेर संपतंय. नवं करायचं तर आधी सरकारी तपासणी. आणि माझाही कागद संपतोय, इकामा, म्हणजे इथे राहायची परवानगी. चौदा डिसेंबरला. म्हणजे मी आणि मुकी दोघी एकदमच मुदतीला आलो.

विजू म्हणाला, "आधी गाडी करून घेतो, मग आई. गाडी नसली तर आईला कचेरीत नेणार कशी?"

माझी सून चारुशीला म्हणाली, "टॅक्सी नावाची गोष्ट असते." ती इथल्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवते, तिचं बोलणं तसंच, फळ्यावर लिहिल्यासारखं.

 मुकीबद्दल कुणी वाकडं बोललं की विजू गप्प होतो. माझ्याबद्दल बोललं तर बोलतो तरी.

मालक, म्हणजे विजूचे वडील, गेले तेव्हा मी सिन्नरला एकटी राहीन म्हटलं होतं. चाळीस वर्षं विड्या वळल्या, हाताला सवय होती, कारखानाही होता. विजू ऐकेना, घेऊन आला. त्याला पाच वर्षं झाली. दर वर्षी इकाम्याचा महिना आला की मी म्हणते, नका करू, मी आपली जाते. दर वर्षी ते करतात. या वर्षीही मी म्हटलं, "नका करू." चारुशीला म्हणाली, "बघू." मागच्या वर्षापर्यंत ती "काहीतरीच काय" म्हणायची. बघू म्हणजे काय? नूरी, हे जरा बारीक अक्षरात लिही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

चकल्या मऊ पडल्या. चारुशीला म्हणते हवेत दमटपणा आहे. हवेला बोलून घेते, मला बोलत नाही.

अमावास्या होती. पुढच्या आठवड्यात मुकीची परीक्षा, म्हणून टाकाला चार घसे जास्त दिले.

२ नोव्हेंबर, रविवार

तपासणीला मीही गेले. घरात बसून काय करू? मागच्या सीटवर थर्मास घेऊन बसले. पुढे विजू, शेजारी अशरफ. अशरफ म्हणजे नूरीचा नवरा. एका कंपनीची सरकारी कागदं फिरवायचं काम करतो, त्याला अरबी येतं. त्याच्याशिवाय इथे आमच्या इमारतीतल्या कुणाचं पान हलत नाही.

तपासणारा तरुण, ढेरपोट्या. हातात नळी. ती मागे धुराच्या पाइपात घालून धूर मोजतात. तो म्हणाला, "गाडी सुरू करा."

विजू म्हणाला, "सुरू आहे."

त्याने बॉनेटवर हात ठेवला, कान लावला. "सुरू करा."

"सुरूच आहे, साहेब. ही हायब्रिड आहे. उभी असताना इंजिन बंद राहतं."

अशरफने ते अरबीत सांगितलं. तपासणारा म्हणाला, "इंजिन बंद आहे, तर सुरू करा."

असं तीनदा झालं. मागे गाड्यांची रांग, भोंगे. विजू त्याला विजेचं आणि पेट्रोलचं गणित समजावत होता, हातवारे करत, घामाघूम. शेवटी त्याने नळी घातली. आकडा आला शून्य. तो म्हणाला, धूर नाही म्हणजे गाडी बंद, बंद गाडीची तपासणी होत नाही, टो करून घेऊन जा.

विजूने गाडी चालवत बाहेर काढली. तो माणूस तोंड उघडं टाकून बघत राहिला. बंद गाडी चालत गेली ना त्याच्यासमोरून! मी खिडकीतून हात हलवला. विजू म्हणाला, "आई, प्लीज."

५ नोव्हेंबर, बुधवार

विजूने युक्ती शोधली. एसी पूर्ण लावायचा, दिवे लावायचे, पाय दाबून धरायचा, मग मुकीचं इंजिन नाइलाजाने बोलतं. आज धूर निघाला. थोडा, लाजत लाजत, पण निघाला. पास.

मग बॉनेट उघडायला सांगितलं. मला मागून काही दिसेना, झाकण वर. तो बराच वेळ आत वाकून होता. मला वाटलं, टाकाच्या पाया पडतोय. मग त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने टॉर्च आणला. मग तिसरा आला, खांद्यावर पट्ट्या असलेला.

अशरफ खिडकीशी आला, आवाज उतरलेला. "विजूभाई, नंबर नाहीये."

प्रत्येक गाडीला कारखान्यात नंबर देतात म्हणे, जन्माचा. दफ्तरात लिहिलेला असतो आणि गाडीवरही. मुकीवरचा तो कुणीतरी साफ काढून टाकलाय. पुढच्या काचेखाली आणखी एक आहे, पण तो दुसऱ्याच गाडीचा, कारण आधीच्या मालकाचा डॅशबोर्ड उन्हाने तडकला आणि त्याने भंगारातला आणून बसवला. म्हणजे एक नंबर खोटा आणि एक गायब. चोरीच्या गाड्यांचं असंच असतं म्हणे. त्यांनी दफ्तर ठेवून घेतलं. केस झाली.

मी तिथेच बसून त्या नंबर काढणाऱ्या मेल्याला चार शिव्या दिल्या. इथेही सांगितल्या होत्या. नूरी लिहीत नाही. म्हणते, "मावशी, नका ना त्याला शिव्या देऊ." तिला कशाला त्याचा पुळका?

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल लिहून झाल्यावर नूरी उठेना. मागची पानं उलटत बसली. दसऱ्याच्या पानावर थांबली. ओठ हलत होते.

"काय गं?"

"काही नाही मावशी. शाई सांडली होती का बघत होते."

बॉलपेनाची शाई सांडते होय? मी निरक्षर आहे, आंधळी नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अशरफ येऊन बसला. चहा घेतला नाही, म्हणजे बातमी वाईट. विजूच्या नावावर पोलिसांची केस आहे तोवर त्याचं कुठलंच सरकारी काम पुढे सरकणार नाही. गाडीचं नाही आणि आईचा इकामाही नाही. केस चौदा डिसेंबरच्या आत मिटली नाही, तर मला जावं लागेल. आणि एकदा गेलं की माझ्या वयाच्या बाईला पुन्हा इकामा मिळणं कठीण. पूर्वी देत, आता देत नाहीत. त्यात सात डिसेंबरपासून ईदची सुट्टी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मग काय झालं? मी तर एका पायावर तयार आहे. सिन्नरला माझं घर आहे."

कौमुदी, माझी नात, पंधरा वर्षांची, म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट फनी."

मी कुठे हसत होते?

खरं सांगायचं तर, सिन्नरच्या घराला पाच वर्षं कुलूप आहे. शेजारच्या दोघी जणी होत्या, त्या गेल्या. मी तिथे सकाळी उठून कुणाला काय बोलणार? मला बोलायला माणूस लागतं. हे विजूला सांगायचं नाही. नूरी, तू रडतेस कशाला, पान भिजेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

माझा विटेच्या पुडीचा डबा सापडत नाही. ओट्याखाली नाही, गॅलरीत नाही. चारुशीलाला विचारलं.

"संपली असेल, आई."

"अर्धा डबा होता."

"मग पडला असेल."

डबा पडला तर पूड तरी दिसेल. देवांची भांडी काळी पडलीत. ती म्हणाली, "राहू देत काळी थोडे दिवस. सध्या काही घासू नका." विज्ञानाच्या बाईला भांडी काळी चालतात म्हणजे बघा.

दुपारी डोळा लागलाय असं समजून दोघं आतल्या खोलीत बोलत होते.

चारुशीला म्हणत होती, "आईंना आता सांगायलाच हवं."

"नाही म्हणजे नाही."

"न सांगता त्यांना विमानात बसवणार आहात का?"

"चारू, हळू."

म्हणजे ठरलंय तर. बघू म्हणजे हेच. तिला मला जा सांगायची घाई झालीय आणि विजूला धीर होत नाही. मी कूस बदलली. तिची चूक नाही. पाच वर्षं मी तिच्या प्रत्येक भाजीला नाव ठेवलं. पण भेंडी खरंच चिकट होते तिची.

२० नोव्हेंबर, गुरुवार

विजूला कचेरीत बोलावलं होतं. परत आला तो जेवला नाही. अशरफकडून थोडं थोडं काढून घेतलं. तिथल्या अधिकाऱ्याने पट्टी भिंगाखाली बघितली. म्हणाला, हे मशीनचं काम नाही, हाताने घासलेलं आहे, महिनोन् महिने, एकसारख्या दाबाने. हात बसलेल्या माणसाचं काम. अशी सफाई त्याने आजवर बघितली नव्हती.

"असल्या चोराला कामाला लावलं तर केवढं काम करील," मी म्हटलं.

अशरफला ठसका लागला.

"विजू काय म्हणाला तिथे?"

"लिहून दिलं त्यांनी, मावशी."

"काय लिहून दिलं?"

"जे लिहायचं ते." आणि उठून गेला. या घरात आणि समोरच्या घरात सगळ्यांना माझ्यापासून पळायचा रोग झालाय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कौमुदीने सांगितलं. मी तिला म्हणत होते, पोलीस असे कसे, एवढा मोठा चोर सापडत नाही. तिने कानातली बटणं काढली आणि म्हणाली, "आजी, स्टॉप. इट वॉज यू."

मी म्हटलं, "मराठीत."

"तू घासलं ते. तो गॉड नव्हता. तो नंबर होता. त्या ब्लॅक मुंग्या म्हणजे नंबर. पप्पांनी लिहून दिलं की मीच घासलं, कार चमकवायला. म्हणून ते आता सस्पेक्ट आहेत. मम्मी रोज त्यांना म्हणते, आईंना खरं सांगा, त्यांनी जायला नको. बट पप्पा म्हणतात, आईला पोलीस स्टेशनची पायरी चढू देणार नाही." आणि मग तीच रडायला लागली. "आय डोंट वॉन्ट यू टू गो."

मी समोर गेले. नूरीला म्हटलं, वही काढ, दसरा वाच. तिने वाचलं. सगळं होतं. चिंच, मीठ, विटेची पूड, नाक दिसतं, सगळं. माझ्या तोंडचंच.

"तुला कधी कळलं?"

"पाच तारखेलाच, मावशी. शपथ घेतली होती ना, कुणाला सांगायचं नाही. मग ह्यांना सांगितलं, ह्यांनी विजूभाईंना. तेवढी मोडली."

चोराला दिलेल्या शिव्या तिने का लिहिल्या नाहीत ते आता कळलं. पोरीने वाचवलं, नाहीतर माझ्याच वहीत माझ्याच नावाने राहिल्या असत्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अमावास्या. बॉनेट कुणी उघडलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

जेवताना म्हटलं, "मला तिथे न्या. मी सांगते मीच घासलं."

विजू म्हणाला, "नाही. आई, त्र्याहत्तर वर्षांची तू. ते प्रश्न विचारतील, तुला काय कळणार?"

"मग मला जावं लागलं तरी चालेल?"

तो ताटाकडे बघत राहिला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण चूक पकडली की अजून तसाच मान खाली घालतो.

चारुशीलाने पोळीचा डबा दाणकन ठेवला. "मी रजा टाकते. गुरुवारी मी नेते आईंना. तुम्हाला यायचं तर या."

मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, "तुला बरी माझी काळजी."

"काळजी कसली? तुम्ही गेलात तर भेंडीला नावं कोण ठेवणार?"

म्हणजे हिला कळत होतं तर सगळं.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल गेलो होतो. आज दमले आहे, पण सगळं सांगते. नूरी, नवीन पेन घे.

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. कचेरीत गर्दी. विजू आलाच, चारुशीला, अशरफ आणि मी. माझ्या पिशवीत देव्हाऱ्यातला भवानीचा टाक, चिंच, मीठ आणि डबा. डबा चारुशीलाने आदल्या दिवशी कपड्यांच्या कपाटातून, उन्हाळी चादरींच्या खालून काढून दिला. म्हणाली, "सापडला हो."

अधिकारी वयस्कर, पांढरा डगला, टेबलावर कॉफीची पितळी किटली. अशरफने सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने ऐकलं, मग थेट माझ्याशीच हिंदी बोलायला लागला. इथल्या जुन्या माणसांना हिंदी येतं. "अम्मा, बेटे को बचाने आई है?"

मी म्हटलं, "नाही, बेटा मुझे बचाने गया था. मैं आई सच बोलने."

त्याने डोकं हलवलं. म्हणाला, हे बाईच्या हाताचं काम नाही. त्याला लोखंडाचा कारागीर हवा. मी टाक काढून दाखवला, हा आमचा देव, असाच घासतो. तो म्हणाला, सुंदर आहे, पण हा चांदीचा, त्यावर नंबर नव्हता. म्हणजे पुरावा काय?

आता पुरावा कुठून आणायचा? त्याच्या टेबलावर एक पितळी पट्टी होती. वर काळ्या मुंग्या. मी चिंच लावली, पूड टाकली आणि पदराने घासायला लागले. दोन्ही हातांनी, अंगठ्याचा दाब देऊन, विडीच्या पानाला देतात तसा. विजू ओरडला, "आई, ते त्यांचं नाव आहे!" तोवर अर्धं गेलं होतं.

 अशरफ भिंतीला टेकला. अधिकाऱ्याने पट्टी उचलली. एका बाजूला त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला लखलखीत पितळ. त्याने ती खिडकीकडे धरली, तिरपी केली, त्यात स्वतःकडे बघितलं. मग बाहेरच्या चार जणांना हाक मारली. मला वाटलं, झालं, आता मला धरतात. ते चौघं आले, त्याने पट्टी दाखवली, काहीतरी म्हणाला आणि पाचही जणं अशी हसली की कॉफीवाला धावत आला.

मग काम सुरू झालं. मुकीच्या इंजिनवर आणखी एक नंबर आहे, खोल, तेलकट जागी, तो दफ्तराशी जुळतो म्हणे. पण विजूने लिहून दिलेलं त्यांना पटलं नव्हतं, आणि घासलं कुणी आणि का, ते कळल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता. आता कळलं. अधिकाऱ्याने विजूला विचारलं, इंजिनचा नंबर तेवढा कसा वाचला? विजू म्हणाला, "तिथे आईचा हात पोचत नाही."

माझा जबाब लिहिला. नाव, पार्वताबाई दिनकर. सही येत नाही, अंगठा घ्या. शाई लावली, कागदावर दाबला. नुसता काळा गोळा. रेघ नाही. दुसरा अंगठा, तोही गोळा. मग बोटं. पहिलं, दुसरं, तिसरं. सगळी गुळगुळीत. चाळीस वर्षं विड्या आणि चिंच, राहणार काय?

अधिकारी कागदाकडे बघून म्हणाला, "इसका भी नंबर मिट गया."

मग हसणं थांबलं. ठशाशिवाय जबाब चालत नाही आणि घड्याळात एक वाजत आलेला. दोनला कचेरी बंद. विजू माझा हात हातात घेऊन बोटं बघत बसला. कधी बघितलीच नव्हती ना त्याने. चारुशीलाने त्याच्या हातातून माझा हात घेतला, उलटा केला, उजेडात धरला, शाळेत माशी भिंगाखाली धरतात तसा.

"आई, करंगळी. करंगळीने काय करता तुम्ही?"

विचार केला. काहीच करत नाही. विडी वळताना ती बाहेर राहते, घासताना वर राहते. साठ वर्षं फुकट खाल्लंय तिने. म्हणून करंगळी उंच करून अधिकाऱ्याला दाखवली.

विजू पुटपुटला, "आई, खाली कर, ते काय समजतील?" त्याला वाटलं मला लघवीला जायचंय.

करंगळीचा ठसा आला. रेघ अन् रेघ. डाव्या हाताची. जबाबाखाली तो बसला आणि अधिकाऱ्याने शिक्का मारला.

निघताना मी म्हटलं, नावाची पट्टी नवीन करून देते. तो म्हणाला, "नहीं अम्मा. ऐसेही रखूंगा. पंद्रह दिन में पेन्शन पे जा रहा हूं, आधा नाम काफी है."

केस बंद झाल्याचा कागद मात्र सुट्टीनंतर मिळणार. सुट्टीनंतरचा पहिला दिवस चौदा तारीख. माझा शेवटचा दिवस. नूरी, आता हात दुखला असेल तुझा.

८ डिसेंबर, सोमवार. ईद.

नूरीकडे शिरखुर्मा. तिने माझ्यासाठी दूध जास्त आणि खारीक कमी घातली, दात नाहीत म्हणून. मी दोन वाट्या घेतल्या. अशरफ म्हणाला, "मावशी, चौदाला मी पहाटे पाचला कचेरीच्या दारात उभा राहतो." मी म्हटलं, पाचला कशाला, चारला जा.

ते सगळे हसले. मी हसायला म्हणून बोलले नव्हते.  

रात्री चारुशीला माझ्या खोलीत येऊन बसली.  माझ्या पातळांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. चांगल्या घातलेल्या घड्या मोडल्या, पण मी बोलले नाही. तीही म्हणाली नाही की आई, आज गप्प का.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळपासून फोन. साडेआठला अशरफचा, केसचा कागद मिळाला. साडेदहाला विजूचा, इकाम्याच्या कचेरीत रांग मोठी. बाराला पुन्हा विजूचा, खिडकीवरचा माणूस नमाजाला गेलाय. साडेबाराला फोन नाही. पाऊणला नाही. चारुशीला शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती, ती कुकर लावायचा म्हणून चारदा उठली आणि चारदा बसली. एकला मी म्हटलं, "माझं विमान कुठलं असतं गं, रात्रीचं?" ती म्हणाली, "आई, तोंड बंद ठेवा." पाच वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटलं.

दीड वाजता दोघं आले. विजूने माझा पासपोर्ट टेबलावर ठेवला, उघडा. आत नवा कागद चिकटवलेला, चकचकीत. मी त्याला हात लावला नाही. कौमुदी म्हणाली, "डोंट टच, आजी. डोंट पॉलिश." तिला एक चापट दिली. पासपोर्ट उचलला आणि इथे आले.

नूरीला म्हटलं, तारीख वाच.

तिने वाचली. "चौदा डिसेंबर दोन हजार नऊपर्यंत."

"पुन्हा."

"चौदा डिसेंबर दोन हजार नऊ."

"नऊ की आठ? नीट बघ."

"नऊ, मावशी. अख्खं वर्ष."

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने वाचलं. मग म्हटलं, आता लिहून ठेव, उगीच किती वेळा तोंडाने वाचतेस.